तीन फेरीबोटी, दोन बेटं: पणजीहून सायकलचा एक पूर्ण दिवस

पणजी, रायबंदर, फेरीबोटीने चोडण, तिथून मये, डिचोली, साखळी आणि हरवळे. परतताना नार्वे, फेरीने दिवाडी, पुन्हा फेरीने जुने गोवे आणि मांडवीच्या काठाने घरी. सगळं मिळून साधारण ६५ किलोमीटर भरतात. देशावर रोज सायकल मारणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण इथे सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळात दमट उन्हात काढलेले दहा किलोमीटर घाटमाथ्यावरच्या तीस किलोमीटरांइतके अंगावर येतात. म्हणून आधी घड्याळ मांडायचं, रस्ता त्यात बसवायचा. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल, तर ही ठेवा.

दिवस कधीचा निवडावा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात खाजनातली (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या शेतांतली) भातं सोनेरी असतात, डोळ्यांचं पारणं फिटतं, पण उकाडाही तसाच असतो. मार्चनंतर काजूच्या बागांचा वास सुटतो. तेव्हा नीरो (काजूच्या बोंडांचा ताजा रस) जरूर प्या, हुर्राक (त्याच रसाची दारू) मात्र घरी पोचल्यावरच. पावसात हा रस्ता मी कुणालाही सांगत नाही, कारण या वाटांचं सोनं म्हणजे बांध, आणि ओल्या बांधावर चाक घालणं हा त्या गावावर अन्याय आहे. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

डिसेंबरात सूर्य सातच्या थोडा आधी उगवतो आणि सहानंतर लगेच मावळतो. दुपारचा पारा ३२-३३ अंशांवर जातो. म्हणजे हातात दोन तुकडे राहतात: सकाळी सहा ते अकरा, आणि दुपारी तीन ते दिवेलागण. मधले चार तास सायकल झाडाला टेकवून ठेवायची. सकाळी ३५-४० किलोमीटर मारायचे आणि उरलेले संध्याकाळी.

आदल्या दिवशी भरती-ओहोटीची वेळ बघून ठेवा. भरती आणि ओहोटी यांच्यात सुमारे सव्वासहा तासांचं अंतर असतं आणि वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटीला फेरीच्या धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो आणि त्याच्या खालच्या भागावर हिरवं शेवाळ असतं. फेरीच्या वेळा बदलत राहतात, म्हणून नार्वे-दिवाडीची फेरी चालू आहे का, हे सकाळी रायबंदरच्या धक्क्यावरच विचारून घ्या. ती बंद असेल तर नार्व्याहून मयेमार्गे चोडणला मागे या. अंतर फारसं बदलत नाही.

महाराष्ट्रातून रेल्वेने येणाऱ्यांना कोकण रेल्वेचं करमळी स्थानक सोयीचं. जुने गोवे तिथून अगदी जवळ आहे, त्यामुळे हाच फेरा तिथून सुरू करून तिथेच संपवता येतो. सायकल पार्सल कचेरीत नोंदवून आणायची असेल तर हाताशी एक दिवस राखून निघा.

सायकल

महागडी लागत नाही. गिअरची साधी हायब्रीड पुरते. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे असावेत. तेवीस-पंचविसाचे रोडचे टायर जांभ्याच्या खडीवर घसरतात आणि बांधाच्या मातीत रुततात. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेतच, पण खालच्या बाजूला ठेवा. माझं वजन सत्तरच्या घरात आहे, मी ४५-५० पीएसआय भरतो आणि बांधाची वाट लागण्याआधी थोडी सोडतो. मयेच्या पुढचे चढ आखूड पण उभे आहेत, म्हणून पुढचं लहान चक्र आणि मागचं मोठं चक्र साधारण सारख्या दातांचं असेल तर गुडघे वाचतात.

सीटची उंची घरीच बघून घ्या. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा जरासा वाकलेला राहतो. अर्धा इंच खाली असलेली सीट पहिल्या वीस किलोमीटरांत जाणवत नाही, पण दिवाडीला पोचेपर्यंत गुडघ्याची पुढची बाजू ठणकू लागते.

ब्रेकच्या रबरात जांभ्याचे कण रुतून बसतात. रिमवर खर्र असा आवाज आला की थांबून सेफ्टी पिनने ते उकरून काढा, नाहीतर रिम घासली जाते.

पिशवीत काय

दोन ट्यूब, पॅच, सोल्यूशन, दोन टायर लिव्हर, पंप, ॲलन चाव्या, चेनची एक जोडकडी. तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टा असेल तर पितळेचा छोटा ॲडॅप्टर घ्या. गावातल्या पंक्चरवाल्याकडची नळी मोटारसायकलच्या व्हॉल्व्हची असते आणि या एवढ्याशा तुकड्यावाचून दिवस अडतो. पुढचा-मागचा दिवा, ओआरएसची चार पाकिटं, एक पंचा. पंचा घाम पुसायला, मान झाकायला आणि देवळात जाताना गुडघ्यांवरून गुंडाळायला. क्लीटचे (पेडलात अडकणारे) बूट घरी ठेवा, फेरीच्या पोलादी फळीवर ते बर्फावरच्या खुरांसारखे सरकतात. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, पण त्यावर आंधळा विश्वास नको. तो बांधावरची पाऊलवाटही रस्ता समजून दाखवतो आणि तुम्हाला पाण्यात संपणाऱ्या टोकाला नेऊन सोडतो.

सहा वाजता: रायबंदर

पणजीतल्या पाटोच्या बाजूने निघालात की रायबंदरचा लांबलचक सेतू लागतो. १६३३-३४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट ऑफ लिन्यारेस याच्या काळात तो बांधला गेला. तीन किलोमीटरच्या वर सरळ, सपाट वाट, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी. अंधार असतो, दिवे लावाच. पाय गरम व्हायला यासारखी जागा नाही. हलका गिअर, भरभर पाय, दम न लागता.

रायबंदरात तुम्हाला पोदेर, म्हणजे पाववाला, भेटेल. सायकलच्या मागे मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, हँडलला रबरी भोंगा. हा माणूस रोज पहाटे जेवढी सायकल चालवतो, तेवढी आपण हौसेनेही चालवत नाही, आणि गोव्याच्या सायकलीची खरी परंपरा त्याच्या टोपलीत आहे. त्याच्याकडून चार-पाच पोळ्या घ्या, म्हणजे चपात्या नव्हेत, पावाचाच एक प्रकार. कोंड्याची ही पोळी साध्या पावापेक्षा किंवा उंड्यापेक्षा (गोल, कडक पाव) पोटात जास्त वेळ राहते आणि पिशवीत चुरडत नाही. त्यात घरून आणलेला गूळ आणि खोबरं भरलं की दुपारपर्यंतची सोय झाली.

फेरीवर चढताना उतरून चाला, ही सक्ती समजा. आधी चारचाकी, मग दुचाकी, शेवटी आपण. कडेच्या कठड्याशी सायकल धरून उभे राहा आणि ब्रेकच्या दांड्याला रबर बँड अडकवून ठेवा, म्हणजे बोट धक्क्याला लागताना सायकल घरंगळत नाही. उतरताना घाई नको. एकदा ओहोटीच्या वेळी मी फळीवरून उतरताना सायकलवर बसूनच निघालो. पुढचं चाक शेवाळावर गेलं, हँडल हातातून निसटलं आणि कोपर धक्क्याच्या दगडावर आपटलं. जखम लहान होती, पण खाऱ्या पाण्यातली ती जखम बरी व्हायला तीन आठवडे लागले.

चोडण: बांध कसे चालवावेत

धक्क्याला लागूनच, बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. ओहोटी असेल तर चिखलावर बगळे आणि खंड्या टिपून घ्या, पण इथे फार रेंगाळू नका. सकाळचा गारवा बांधांसाठी राखायचा आहे.

खाजन म्हणजे काय ते माहीत असलं की चालवणं आपोआप सुधारतं. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून शेकडो वर्षांपूर्वी गावकारीने (गावाच्या सामाईक संस्थेने) माती, चिखल, पेंढा आणि जांभ्याचे दगड वापरून हे बांध घातले. जागोजागी मानस असते, म्हणजे पाणी अडवणारी-सोडणारी झडप, लाकडी दारांची. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दार बंद होतं, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतं. माणूस रात्रंदिवस तिथे उभा राहायची गरज नाही, चंद्रच ते काम करतो. आत खारेपण सोसणारं कोरगूट भात पिकतं. बाहेरची खारफुटी लाटांचा मार झेलते. कुर्ल्या (खेकडे) बांधात बिळं करतात, त्या बिळातून पाणी झिरपायला लागतं, आणि वेळेवर बुजवलं नाही तर एका मोठ्या भरतीत बांध फुटतो आणि अख्खं शेत खारं होऊन बसतं.

आता टायरचा विचार करा. ओल्या मातीत उमटलेला चाकाचा खोबणीसारखा पट्टा म्हणजे पाण्याला तयार करून दिलेली वाट. म्हणून माती अंगठ्याने दाबून बघा. अंगठा रुतला तर सायकल त्या बांधावर घालू नका, डांबरी वाटेने जा. माती कोरडी टणक असेल तर मधोमध चालवा, कड धरू नका, कारण कड आतून पोकळ असू शकते. मानसीवर नेहमी उतरा, फळ्यांवरून सायकल उचलून न्या. तिथे लावलेल्या जाळ्यांना हात लावू नका, मानसीवरची मासेमारी लिलावाने दिलेली असते आणि त्या जाळ्यात कुणाचं तरी घर चालतं. समोरून डोक्यावर भारा घेतलेली बाई आली तर आपण उतरून पाण्याच्या बाजूला उभं राहायचं. तिने सरकायचं नाही.

हँडल सैल धरा. बांधावर नवखा माणूस पुढच्या चाकाकडे बघतो आणि चाक बरोबर नको तिथे जातं. नजर दहा-पंधरा मीटर पुढे ठेवा, मधल्या गिअरवर एकसारखे पाय मारत राहा. मागचा ब्रेक आधी, पुढचा जपून.

मये ते हरवळे

चोडणहून पूल ओलांडून मयेला आलात की पाण्याचा प्रदेश मागे पडतो आणि लाल मातीचा सुरू होतो. मयेचं तळं डोंगरांच्या कुशीत आहे. इथे बाटल्या भरा, पहिलं ओआरएस इथेच घाला. इथून रस्ता वर-खाली होत राहतो. चढाच्या पायथ्याशी, म्हणजे जोर लागण्याआधी, गिअर उतरवा. चढाच्या मध्यावर ताणलेल्या चेनवर गिअर बदलला की ती उडते.

डिचोलीत नाश्ता. पातळ भाजी, पाव, मिरची आणि चहा, इतकं बस. तळलेलं बेतानेच खा. शौचालय, पेट्रोल पंप, औषधाचं दुकान, जे काही लागेल ते इथेच उरका.

डिचोली ते साखळी हा या दिवसातला मला सगळ्यात कमी आवडणारा तुकडा. हा खाणपट्टा आहे, खनिजाचे टिप्पर धावत असतील तर त्यांच्या मागून लाल धुरळा उडतो. एकामागे एक चला, नाकावर पंचा बांधा, भडक रंगाचा शर्ट घाला. टिप्पर मागून येत असेल तर डांबराची कड सोडून खाली उतरू नका, कडेची खडी सैल असते आणि ऐन वेळी चाक आत खेचते. आधीच थांबून त्याला जाऊ द्या.

साखळीत वाळवंटी नदी, पुढे दोन किलोमीटरांवर हरवळे. जांभ्यात कोरलेली लेणी, लोकांच्या तोंडी पांडवांची, आत शिवलिंगं. शेजारी रुद्रेश्वराचं देऊळ आणि धबधबा. अकराच्या आत इथे पोचायचं. साखळीच्या पुढे वाळपईकडे म्हादईचं अभयारण्य खुणावेल, पण त्याच्या आतल्या वाटांना वनखात्याची परवानगी लागते आणि ती वाट वेगळ्या दिवसाची आहे.

अकरा ते तीन

या चार तासांबद्दल मी हट्टी आहे, त्याला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी सांगलीहून माझा मावसभाऊ आला होता. तिकडे तो एका दिवसात शंभर किलोमीटर सहज मारायचा. थांबायला तयार नव्हता, "ऊन काय, आमच्याकडे चाळीस अंश असतं," म्हणाला. साखळीहून परतताना साडेबाराला त्याची मांडी दगडासारखी झाली. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, बोटं थरथरत होती. चार लिटर पाणी त्याने प्यायलं होतं, पण नुसतं पाणी. रस्त्याकडेच्या एका घराच्या ओसरीवर त्याला आडवा केला. घरातल्या आजीने काही न विचारता उकड्या तांदळाची पेज आणली, वर मीठ, बाजूला खारातली तोर (कैरी). "सवकास पी रे पुता," म्हणत तिने वाटी त्याच्या हातात धरून ठेवली. तासाभराने तो उठून बसला.

कोरड्या हवेत घाम वाळतो आणि वाळताना अंग थंड करतो. इथल्या दमट हवेत तो अंगावरून नुसता ओघळतो, म्हणजे मीठ जातं आणि थंडावा मिळत नाही. त्यावर नुसतं पाणी पीत राहिलं की रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. तेव्हा तासाला अर्धा ते पाऊण लिटर, त्यातला निम्मा भाग ओआरएसचा. पाकीट संपलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. यापेक्षा मीठ वाढवायचं नाही. खाणं दर पाऊण तासाला: एक रसबाळी केळं किंवा अर्धी पोळी. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, उलट्या थांबेनात किंवा अंग तापून घाम बंद झाला, तर पेज आणि सावली यांच्या भरवशावर राहू नका. ओल्या पंचाने मान, काखा, जांघा थंड करत १०८ ला फोन लावा.

जेवण साधं करा. शीत-कडी, भाजी, सोलकढी. मासे खायचे तर हुमण (माशांची आमटी) थोडंच घ्या, तळलेला सुरमईचा तुकडा आज सोडा. मग सावलीत आडवे व्हा. जवळपास कुळागर (पोफळी-माडांची बाग) असेल आणि मालकाला विचारून पोफळींच्या सावलीत बसायला मिळालं तर त्याहून थंड जागा नाही. पाटाचं पाणी पायांवर घ्या, पिऊ नका.

हाच वेळ पंक्चरसाठीही. सड्यावरून (जांभ्याच्या उघड्या माळावरून) येताना करवंदीचा काटा हमखास घुसतो. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून अंगठा अगदी सावकाश फिरवा. काटा बाहेरून मोडलेला असतो आणि आत केसाएवढं टोक उरतं, ते दिसत नाही, टोचतं. ते न काढता नवी ट्यूब घातली तर दहा मिनिटांत तीही बसते. पॅच लावताना सोल्यूशनची चकाकी जाईपर्यंत थांबा. आपल्या हवेत त्याला इतर ठिकाणांपेक्षा जास्त वेळ लागतो.

तीन वाजता: नार्वे, दिवाडी, घर

डिचोलीपर्यंत त्याच रस्त्याने मागे, मग नार्व्याकडे. तिथला सप्तकोटेश्वर म्हणजे कदंब राजांचं दैवत. मूळ देऊळ दिवाडीवर होतं, ते पोर्तुगीज काळात पाडलं गेलं आणि लिंग नदी ओलांडून इकडे आलं. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेख तिथे आहे. पंचा गुंडाळून दर्शन घ्या. इथून धक्क्याकडे निघालात की देव ज्या वाटेने आला, तिच्या उलट्या दिशेने तुम्ही जात असता. फेरीवर उभं राहिल्यावर मला दर वेळी हे आठवतं.

दिवाडीची शेतं मोकळी आहेत आणि दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो. तो तुम्हाला समोरून लागेल. वेगाचा मोह सोडा, एक गिअर खाली, अंग थोडं पुढे झुकवा, दोघं असाल तर पाळीपाळीने पुढे राहा. बेटावरच्या पियेदाद गावाचा चढ आखूड आणि उभा आहे. थकला असाल तर ढकलत जा, वर चर्चच्या आवारातून मांडवीचा जो फाटा आणि शेतांचा जो पट दिसतो, तो चालत पोचलं तरी तेवढाच दिसतो. कुत्री मागे लागली तर पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, दोन पावलं चाला.

रस्ता चुकलात तर विचारा, "हो रस्तो खंय वता?" (हा रस्ता कुठे जातो?) उत्तरात "हांगाच फुडें" (इथेच पुढे) आलं तर दोन-तीन किलोमीटर धरून चाला.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावर उतरलात की समोर व्हाइसरॉयची कमान. साडेपाच झालेले असतील. महामार्ग टाळा, नदीकाठच्या जुन्या रस्त्याने रायबंदर गाठा आणि दिवे लावून सेतू पार करा.

घरी पोचल्यावर आधी सायकल, मग अंघोळ. बांधावरचा चिखल खारा असतो, रात्रभर राहिला तर सकाळी चेनवर तांबेरा दिसतो. साध्या पाण्याची बादली, मऊ फडकं, जोराचा फवारा नको. चेन पुसून कोरडी करा, एकेका कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडा, पेडल उलटं फिरवा आणि वरचं तेल पुसून टाका, नाहीतर पुढच्या खेपेची लाल माती तिथेच चिकटेल.